पास्टरांचा झाकलेला उपास

नात केसर तापाने फणफणली होती. तिच्यासाठी प्रार्थना करू का, असं विचारत विनेश पास्टर आमच्या मुरुडच्या घरी आले. गेला महिनाभर या माणसाने माझ्या हातचा चहा नाकारला होता, म्हणून मी त्यांना उंबऱ्यातच थांबवलं.

"आमचा चहा चालत न्हाय, मग घर कसं चालतं?" मी हळूच विचारलं.

"उपास आहे, मावशी. ईस्टरपर्यंत दिवसा काही घेत नाही."

"पोट बिघडलंय म्हणत होता ते?"

"उपास लोकांना दाखवू नये, असं आमच्या शास्त्रात आहे."

"आनि खोटं बोलावं, असंबी हाय?"

त्यांनी मान खाली घातली. "नाही. ते चुकलंच."

माझा सोमवार साऱ्या आळीला ठाऊक असतो. उपाशी माणसाचे कोरडे ओठ मी ओळखते. मी बाजूला झाले. प्रार्थनेला त्यांनी डोळे मिटले. मी मात्र उघडेच ठेवले आणि केसरचा हात सोडला नाही.