दोघींचे सुजलेले डोळे

बस डेपोत ड्यूटीवर निघण्याआधी बाबा चहाचा कप घेऊन दारात उभे होते आणि जिन्यावरून येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवून धाकट्या लेकीचा सुजलेला डोळा दाखवत होते.

"बघितलात? समोरची हिच्याहून वीतभर उंच होती. तरी हिनं तिला लोळवली!"

"बाबा, पुरे ना. मी काय प्रदर्शनात ठेवलेली वस्तू आहे का?" म्हणत धाकटी आत पळाली. तिला सगळे गुद्दी म्हणत. शाळेत वेणी ओढणाऱ्या मुलाच्या नाकावर तिने एकदा गुद्दा हाणला होता. खरं नाव त्या दिवशी मागे पडलं ते पडलंच.

हेच बाबा पूर्वी तिच्या बॉक्सिंगच्या नावाने आगपाखड करत. "तोंड फुटलं तर कोण करणार हिच्याशी लग्न?" हे त्यांचं रोजचं पालुपद. तेव्हा तिच्या पाठीशी उभी राहिली ती थोरली बहीण, ताई. गुद्दीचे ग्लोव्हज ती स्वतःच्या कपड्यांखाली लपवून ठेवी. घामाने कडक झालेल्या हाताच्या पट्ट्या धुऊन गच्चीत वाळत घाली आणि कुणी विचारलं तर "जुन्या साड्यांचे काठ आहेत," असं बेधडक सांगे. हौशी स्पर्धांतलं पहिलं पदक गुद्दीने ताईच्याच गळ्यात घातलं होतं.

पुढे ताईचं लग्न झालं. जावयाचं औषधांचं दुकान होतं, बोलणं मधाळ होतं. गुद्दी स्पर्धा जिंकत गेली आणि कोचच्या सल्ल्याने व्यावसायिक झाली. हा खेळ निराळा होता. डोक्यावरचं संरक्षक कवच गेलं, ग्लोव्हज लहान झाले, फेऱ्या वाढल्या. वजन उतरवताना ती घोटभर पाण्यालाही महाग होई. प्रत्येक लढतीनंतर डॉक्टर तिच्या डोळ्यांत बॅटरी मारून बाहुल्या तपासत. "डोक्याचा मार लगेच दिसत नाही," ते सांगत. "डोकेदुखी, उलटी, जीभ अडखळणं, यातलं काही झालं तर घरी बसायचं नाही." पेपरात फोटो यायला लागले तसा बाबांचा विरोध कुठल्या कुठे विरघळला.

त्याच सकाळी, बाबा अजून दारातच असताना, ताई रिक्षातून उतरली. तिचाही डोळा सुजलेला होता, गालावर बोटांचे वळ होते.

गुद्दीची लढत कशी झाली हे विचारायला आलेल्या शेजारणीने ताईकडे पाहिलं, नजर वळवली आणि काम आठवल्यासारखी निघून गेली. आईने गरम पाण्यात फडकं पिळलं. आधी एकीचा डोळा शेकला, मग दुसरीचा.

"कपाटाचं दार लागलं," ताई म्हणाली.

"ताई, दाराला बोटं नसतात," गुद्दी म्हणाली. "मला शिकवतेस? किती दिवस चाललंय हे?"

ताई रडली नाही. "मला इथंच राहू दे," एवढंच ती आईला म्हणाली.

आईने बाबांकडे पाहिलं. बाबा बूट घालत होते. "संसारात होतं असं कधीकधी. जावईबापूंचा स्वभाव तापट आहे, मनात काही नसतं. संध्याकाळी मी सोडून येतो हिला. लोकांच्या तोंडाला हात कोण लावणार?"

"तिला नका पाठवू," गुद्दी म्हणाली. पण दुपारी तिला सराव शिबिराला निघायचं होतं, किताबाची लढत तोंडावर आली होती. ती निघाली. संध्याकाळी ताई खाली मान घालून बाबांच्या मागे चालत गेली.

शिबिरातून सुट्टी मिळताच गुद्दी थेट ताईच्या घरी गेली. ताई ओट्याशी भिंतीला टेकून बसली होती. "डोकं... ते... काय म्हणतात..." तिला शब्द सापडेना. शेजारी बादलीत उलटी होती. गुद्दीने तिची हनुवटी उचलली. एक बाहुली बारीक होती, दुसरी पसरलेली. तिने ताईला पाठुंगळी घेतलं आणि रस्त्यावर येऊन मिळेल ती गाडी थांबवली.

शस्त्रक्रिया झाली, पण ताई शुद्धीवर आलीच नाही.

"न्हाणीघरात पाय घसरला," जावई म्हणाला. डॉक्टरांनी जुन्यानव्या वळांबद्दल विचारल्यावर तो गुद्दीकडे बोट दाखवत म्हणाला, "हिचा धंदाच मारामारीचा. माहेरी गेली की ती हिच्याबरोबर सराव करायची. मला काय विचारता?"

लढती भरवणारा प्रमोटर घरी आला. त्याचा आवाज हळुवार होता. "दुःख मोठं आहे, मान्य. पण पोलिसांत जबाब दिलास की उलट तुझ्यावरच शेकेल. लढत जाईल. इतक्या वर्षांची मेहनत आहे तुझी."

बाबा खुर्चीत खचून बसले होते. "गेलेली परत येणार आहे का, पोरी? निदान तुझं तरी वाटोळं नको."

"ती लढत आत्ताच दुसऱ्या कुणाला द्या," गुद्दी प्रमोटरला म्हणाली आणि चपला घालून निघाली. आईही उठली. पदर खोचून ती लेकीमागून जिना उतरली. पोलीस ठाण्यात दोघींनी जबाब दिले.

किताब दुसरीने जिंकला. गुद्दीला पुढे लहानसहान लढतीही मिळेनात. वादात सापडलेली मुलगी कुणालाच नको होती. कोचने मात्र जिमचं दार तिच्यासाठी बंद केलं नाही.

खटला उभा राहिला तेव्हा बचावाच्या वकिलाने तिला विचारलं, "बायकांना ठोसे मारणं हाच तुमचा व्यवसाय ना?"

"हो."

"म्हणजे डोक्यावर मारल्यानं काय होतं, हे तुम्हाला चांगलंच ठाऊक आहे."

"आहे. म्हणून तर रिंगमध्ये पंच असतो. समोरचीला सोसेना झालं की तो मध्ये पडतो. तो चुकला तर तिचा कोच टॉवेल टाकतो, लढत तिथंच संपते. माझ्या ताईनं थांबवा म्हणून सांगितलं होतं. आम्हाला सांगितलं होतं. आमच्यातलं कुणीही मध्ये पडलं नाही. मी शिबिराला गेले."

मागच्या बाकावरून पुढच्या बाकाचा आधार घेत बाबा उभे राहिले. शिपायाने त्यांना बसायची खूण केली. ते बसले नाहीत.

"साहेब, माझाही जबाब घ्या," ते म्हणाले. "ती परत जात नव्हती. मीच तिला नेऊन सोडलं."