उलट्या चुडीचा नट

आमच्या ह्यायले तुमी भिलाईत कोणालेबी विचारा. मारोतराव टर्नर म्हटलं का मशीन शॉपचे जुने लोक अजून कानाले हात लावतात. अप्रेंटिस पोट्टा चकात, म्हणजे काम धरायच्या फिरत्या जबड्यात, चावी इसरला, तर हे त्याले दिवसभर मशीनीपुढं उभं ठेवत. अन् गेल्या महिन्यात घरच्या मशीनीवर ह्यायनंच चावी चकात ठेवून बटन दाबलं. चावी उडाली ते माझ्या कानाजवळून गेली अन् मागच्या पत्र्याले भोक पाडलं.

तेव्हापासून आमची पोरगी उन्नती हट्टाले पेटली. इथंच भिलाईत, कोहक्याले राहते. स्कूटीवरून उतरली का सुरू, "आई, बस हो गया! डॉक्टरनं सांगितलं ना, बाबा आता इसरत जातील म्हणून? ते लेथ इथून हटाव."

लेथ म्हणजे लोखंड कातायची मशीन, सेक्टर सहाच्या आमच्या क्वार्टरमागं, पत्र्याखाली ठेवलेलं ह्यायचं खेळणं. कुरुदच्या एका बंद वर्कशॉपातून आणलेलं, माझ्या लग्नाच्याबी आधीचं. एकेक पुर्जा ह्यायनं हातानं नवा केला. रिटायर झाल्यावर माणूस त्याच्याच भरोशावर उभा आहे.

मी म्हटलं, "अवं, तोच डॉक्टर म्हणे ना, हातात जे आहे ते सर्वात शेवटी जाते? त्यायनं एक पुर्जा बरोबर बनवून दाखवला तर?"

"ठीक है. रविवारपर्यंत. अकेले, बिना गलती. नाही तर सोमवारी मी गाडी आणते."

लेथ गेलं चुलीत! मले काय करायचं त्याचं? मले एवढंच पाहायचं होतं का माझा माणूस अजून जागेवर आहे का नाही. हातातलंबी गेलं, तर मंग राहिलं काय?

पुर्जा तसा बोटभर. टूल पुढं-मागं करायचं जे हँडल असते, त्याच्या स्क्रूवरचा नट. जुन्याची चुडी, म्हणजे आतले आटे, घासून गेले होते, हँडल अर्धा फेरा रिकामंच फिरे. हे म्हणे, "गनमेटलचा नवा करतो, मक्खन चालंल." अन् पोट्ट्यावानी खुश झाले.

सोमवारी केला. दिवस घातला. स्क्रू काढून त्यावर लावून पाहिला, तर धरेच ना. ह्यायनं कपाळावर हात मारला अन् हासले, "अवं, ह्या स्क्रूची चुडी उलटी असते! मी सरळी पाडली. उलटीसाठी तो लिव्हर वर पाहिजे, मी खालीच ठेवला." मीबी हासले. चुकते माणूस.

बुधवारी पुन्हा सरळी. या खेपेले कोणी हासलं नाही.

शुक्रवारी तिसरा. तोबी तसाच. हे लेथजवळ स्टुलावर बसून राहिले, जेवाले उठले नाहीत. उन्नतीले दिसू नये म्हणून ते तिन्ही नट मी तुरीच्या डब्यात खुपसले. चोरी केल्यावानी वाटलं मले, माझ्याच घरात.

रविवारी सकाळी हे आंघोळ करून, देवाले हात जोडून मागं गेले. "आज नट करून टाकतो," म्हणे. जसं काही पहिल्यांदाच! गनमेटलच्या पितळी छडीतला शेवटचा तुकडा होता तो. ह्यायनं तो चकात बांधला, आतून भोक पाडलं, अन् चष्मा आणाले घरात गेले. मी इकडं तिकडं पाहिलं अन् तो मेला लिव्हर दोन्ही हातांनी वर ओढला. देवा, एवढी माफी दे, म्हटलं.

हे आले. मशीन सुरू केलं. टूल चकाकडं जायच्या ऐवजी बाहेर सरकाले लागलं, उलट्या चुडीले पाहिजे तसंच. ह्यायनं एका झटक्यात मशीन बंद केलं.

"कोणं हात लावला इथं?"

मी ग्रीस लागलेले हात पदरात लपवले.

"मशीनले हात लावत जाऊ नोको, विजया. बोटं जातील तुझी." किती मायेनं म्हटलं! अन् लिव्हर खाली केला.

मंग जे काम केलं, काय सांगू. हात जरासाबी हालला नाही. एकेक चुडी अशी साफ, अशी चमकदार, का मशीन शॉपमंदी सर्वायले बोलावून दाखवावी. मी दारात उभी राहून पाहत होती अन् पदर तोंडात कोंबून रडत होती.

ह्यायनं स्क्रू काढला. नट लावला. फिरवला. पुन्हा फिरवला.

"ही तर... उलटी पाहिजे होती."

मंग ह्यायची नजर छडीच्या उरलेल्या बुडख्यावर गेली. टर्नरच ते, किती छडी सरली त्याचं मनातल्या मनात माप काढलं असंल. "हा पहिला नाही. कितवा आहे, विजया?"

"चौथा."

"चौथा?" आवाज चढला ह्यायचा. "अन् तू पाहून राहिली? मले सांगितलं कावून नाही?"

मी जवळ गेली, तेलानं माखलेले ते हात धरले. खोटं बोलावं वाटलं, पण जीभ वळली नाही.

"सांगितलं जी. दरवेळी सांगितलं. आजबी चहा देताना सांगितलं. अन् दरवेळी तुमी मले हेच विचारलं."