कोंबड्या पाहायला येणारे

आमच्या घरी कोंबड्या पाहायला म्हणून जी माणसं येतात, ती कोंबड्यांकडे ढुंकूनही पाहत नाहीत. ती मला पाहायला आलेली असतात. ही माझ्या फुफीची, म्हणजे अब्बांच्या मोठ्या बहिणीची शक्कल. हलीमाबी तिचं नाव. राहते अमरावतीला, पण बडनेऱ्यात आमच्या चुलीवर काय शिजतंय याची खबर तिला आमच्याआधी असते. तिचं म्हणणं असं की मुलगी उघड दाखवली आणि नकार आला, तर गावभर होतं. त्यापेक्षा पाहुण्यांनी कोंबड्या पाहायच्या निमित्तानं यावं, चहा प्यावा, मुलगी नजरेखालून घालावी आणि पसंत नसेल तर डझनभर अंडी घेऊन निघून जावं. कुणाची अब्रू जात नाही आणि वर अंडी खपतात.

अंडी खपली, मी काही खपले नाही. परतवाड्याच्या एका बाईंनी नाकाला दुपट्टा लावून ‘किती कोंबड्या आहेत?’ विचारलं, उत्तर ऐकलंच नाही आणि मला पाणी आणायला पाठवून माझी चाल पाहिली. मागून निरोप आला, मुलगी ठीक आहे पण हातांना वास येतो. येणारच. चाळीस कोंबड्यांचं खुराडं मी रोज स्वतः झाडते. कोंबड्यांना कुणी अत्तर लावल्याचं मी तरी ऐकलेलं नाही.

त्या निरोपानंतर अब्बांनी ठरवून टाकलं. “उन्हाळ्याच्या आत समद्या कोंबड्या विकून टाकू, सबीहा. तुह्या लग्नाच्या आड त्याच येऊन राहिल्या.”

अब्बा रेल्वेत पॉइंट्समन होते. एकदा खटका ओढला की गाडी त्याच रुळावर जाणार, अशी त्यांची सवय. माणूस प्रेमळ. अम्मी गेल्यापासून माझ्या लग्नाची काळजी त्यांना धड जेवू देत नाही, हे मला दिसतं. पण मी बी.ए. झाल्यावर सहा पिल्लं आणून हे सगळं उभं केलं, कुठली कोंबडी कुणाच्या घरी नांदेल हे शिकले, हे त्यांना कधी दिसलंच नाही. त्यांच्या लेखी तो पोरीचा वेळ घालवायचा नाद होता. मला लग्न नको होतं असं नाही. मला कोंबड्याही हव्या होत्या आणि घरही हवं होतं, आणि उन्हाळा जवळ येत चालला होता.

अशात एक दिवस माझा फोन वाजला. मी खुराड्यात होते, फोन घरात होता आणि फुफी नेमकी आमच्याकडे आलेली. तिनं उचलला. दोन मिनिटांनी ती अंगणात आली तेव्हा तिचा चेहरा असा फुलला होता, की मला धोका कळला.

“अकोल्याहून बाई बोलत होती. जठारपेठेतली. रुकय्याबी. रविवारी कोंबड्या पाहाले येतो म्हणे, पोराले संगं घेऊन येतो!”

“मंग येऊ दे,” मी म्हटलं. “त्याइले कोंबड्या पाहिजे असन.”

“हो, अकोल्यात कोंबड्याच नाहीत ना! अवं, पोराले घेऊन येतो असं तोंडानं सांगून राहिली बाई. याच्याहून उघड काय सांगाव?”

रविवारी आमच्या घराची ईद झाली. अंगण फिनेलनं धुतलं. घरात चाळीस कोंबड्या असताना अब्बा बाजारातून दीड किलो ब्रॉयलर घेऊन आले, कारण माझ्या कोंबडीवर सुरी चालवायची त्यांची हिंमत नव्हती. मला हिरवा ड्रेस घालायला लावला, काजळ घातलं आणि हातांना दोनदा साबण लावायला लावला. मी रागानं इतकी गप्प होते की फुफीला वाटलं, पोरगी लाजून राहिली. मनात मी नकार तयार ठेवला होता. मुलगा कसाही असो, जो कोंबड्यांच्या आडून येतो त्याला मी नाही म्हणणार होते.

पाहुणे आले. रुकय्याबी साठीच्या, अंगानं सुकलेल्या, डोळे मात्र तरतरीत. मुलगा शाकीब तिशीतला, हातात रिकामी टोपली धरून बसलेला. ती टोपली पाहून मला जरा आश्चर्य वाटलं. फुफीनं शरबत दिलं, मग समोसे, मग खीर. रुकय्याबी एकेक घास खात होत्या आणि सारखं मागच्या दाराकडे पाहत होत्या.

“कोंबड्या कुठं हायेत?” त्यांनी विचारलं.

“पाहू ना, घाई काय हाय?” फुफी हसून म्हणाली आणि मला हाक मारली. मी चहाचा ट्रे घेऊन बाहेर आले.

रुकय्याबींनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. मी दात आवळून उभी राहिले.

“कोंबड्यावाली तूच का वं?”

“हो.”

“मंग इथं चहा काहून वाटून राहिली? चल, दाखव.” त्यांनी कप तसाच खाली ठेवला आणि चप्पल न घालताच मागच्या अंगणात गेल्या.

मी मागोमाग धावले. त्यांनी खुराड्याचं दार स्वतः उघडलं. एक तांबडी कोंबडी पंखांखालून अशी अलगद उचलली की तिनं आवाज केला नाही. तुरा पाहिला, पायांचे खवले पाहिले, मागच्या दोन हाडांमध्ये बोटं घालून किती जागा आहे ते पाहिलं. तीन बोटं मावली. “हे अंड्यावर हाय,” त्या म्हणाल्या. दोन वर्षांत माझ्या खुराड्यात येऊन कोंबडीला हात लावणारी ही पहिली पाहुणी होती. माझा राग कुठे गेला ते मलाच कळलं नाही.

“कशासाठी पाहिजे, खाला?” मी विचारलं. हा प्रश्न मी गिऱ्हाइकाला आधी विचारते.

तेव्हा त्यांनी सांगितलं. त्यांचे मियां शिंपी होते, जठारपेठेत बायकांचे कपडे शिवायचं दुकान होतं. मागच्या पावसाळ्यात लकवा मारला. डावी बाजू गेली. आता दिवसभर घरामागच्या अंगणात खुर्चीवर बसतात. डावी मूठ बंद ती बंदच. डॉक्टरांनी दाबायला रबरी चेंडू दिला, तो त्यांनी फेकून दिला. माणसांवर चिडतात, कारण त्यांचं बोललेलं माणसांना कळत नाही.

“लहानपणी त्याइच्या घरी कोंबड्या होत्या,” रुकय्याबी म्हणाल्या. “उजव्या हातानं दाणे टाकले तर कोणतीबी खाईन. मले डाव्या हातावर येनारी पाहिजे. त्याइचा हात कापते, तरी न भेणारी. आणि अंडी देल्ली पाहिजे, नाही तर म्हणतीन, बसल्या बसल्या फुकटचे पाहुणे पोसून राहिलो.”

असं नेमकं मागणं माझ्याकडे आजवर कुणी आणलं नव्हतं. मी काजळबिजळ विसरले.

“कडकनाथ नेऊ नका,” मी म्हटलं. “दिसाले देखणा, पण जरा खट्ट झालं की झाडावर. खुर्चीतल्या माणसानं त्याले कुठं शोधाव? पांढरी लेगहॉर्न अंडी लय देते, पण चमचा पडला तरी घर डोक्यावर घेते.”

“असील?” शाकीबनं विचारलं.

“असील माणसाले गरीब हाय, मांडीवर येऊन बसन. पण दुसऱ्या कोंबड्याइशी पटत नाही आणि अंडी मोजकीच. गिरिराज शांत हाय, पण वजनदार. खुर्चीवर उडी मारली तर तुमच्या अब्बाइले भारी जाईन.”

“आणि गावरान?” रुकय्याबींचं मन तिथं होतं, ते दिसत होतं.

“गावरान हुशार, खाला. पण ते तुमच्या अंगणात थांबणार नाही. जठारपेठेतल्या समद्या गच्च्या फिरून येईन, आणि मधातच खुडूक होऊन महिनाभर अंडी बंद. तुमच्यासाठी तांबडी आरआयआर, म्हंजे ऱ्होड आयलंड रेड, नाही तर कावेरी. पण नुसती जात पाहून नाही चालत. एकाच जातीतली एक हातावर येते, दुसरी नाही येत. बसून पाहा लागते.”

“मंग बस, शाकीब,” रुकय्याबी म्हणाल्या.

मी बादली पालथी घातली आणि शाकीबला तिच्यावर बसवलं. डावा हात त्याच्या अब्बांसारखा मांडीवर, मूठ जवळजवळ मिटलेली, मुठीत ज्वारी. हात थोडा हलवत राहायचा आणि कितीही टोचलं तरी ओढून घ्यायचा नाही. पहिल्या कावेरीनं दाण्याऐवजी त्याचा अंगठा धरला आणि तो ओरडला. ती बाद. मग तांबड्या आल्या. एक लांबूनच मान वाकडी करून पाहत राहिली. दुसरी थरथरत्या हाताला घाबरून मागे गेली, परत आली, परत मागे गेली. तिसरीनं मात्र सरळ त्याच्या पायावर पाय ठेवला आणि बंद बोटांच्या फटीतून एकेक दाणा काढून खाल्ला. रुकय्याबींनी तोंडाला पदर लावला.

मागच्या दारात फुफी उभी होती. मुलीनं मुलाला बादलीवर बसवून तपासलेलं तिनं जन्मात पाहिलं नव्हतं, पण मुलगा बसला होता ना! ती अब्बांना कोपरानं ढोसत होती. अब्बा मात्र माझ्याकडे पाहत होते.

“तुमाले आमच्या सबीहाचं कोणी सांगतलं?” त्यांनी रुकय्याबींना विचारलं.

“नांदगाव पेठेच्या कापडगिरणीत शाकीबचा दोस्त हाय, गोपाल. त्यानं नेल्या ना तुमच्याइथून. तो म्हणे, बडनेऱ्याच्या त्या पोरीले विचारल्याबिगर कोंबडी घेऊ नका. दोन ठिकाणं सोडून इथं आलो, भाईजान.”

फुफीला तेवढ्यात आपला मुद्दा रेटायचा होता. “पोरगं करते काय तुमचं?” तिनं गोड आवाजात विचारलं.

“दुकान पाहाते बापाचं. आता एकटाच ओढून राहिला. सून बार्शीटाकळीले माहेरी गेली ना, बाळंतपणाले.”

फुफीच्या हातात खिरीचा डाव होता. तो तसाच राहिला. मी खुराड्यात तोंड घातलं, कारण मला हसू आवरेना.

“म्हणजे तुमी,” फुफी म्हणाली, “खरंच कोंबड्या पाहाले आल्या?”

“मंग आणखीन काय पाहाले येऊ?” रुकय्याबींनी विचारलं. मग त्यांची नजर माझ्या हिरव्या ड्रेसवर गेली, काजळावर गेली, धुतलेल्या अंगणावर गेली, आणि त्यांना सगळं कळलं. त्या लाजल्या नाहीत. अब्बांकडे वळून सरळ म्हणाल्या, “पोरगी सोन्यासारखी हाय, भाईजान. पण मले एकच पोरगा, आणि तो गुतला. मले माफ करा. लय खाल्लं तुमचं.”

“आता जेवूनच जा,” अब्बा म्हणाले. “ब्रॉयलर आणला हाय.”

जेवताना फुफी सोडून सगळे खुशीत होते. शाकीबच्या टोपलीतून अशाच पारखून घेतलेल्या चार तांबड्या आणि दोन कावेरी अकोल्याला गेल्या. पहिले काही दिवस कोंडून ठेवा, दाणा फक्त मियांच्याच हातून द्या, बाकी कुणी देऊ नका, असं मी तीन-तीनदा बजावलं. फुफी संध्याकाळच्या बसनं अमरावतीला गेली. जाताना माझ्याशी बोलली नाही, जसं काही शाकीबचं लग्न मीच लावून दिलं होतं.

खरं सांगायचं तर मला बरं वाटत होतं. कुणी मला नाकारलं नव्हतं. उलट माणसं पॅसेंजरनं इतक्या लांबून माझं म्हणणं ऐकायला आली होती. त्याच वेळी वाईटही वाटत होतं, कारण उरलेल्या चौतीस कोंबड्या उन्हाळ्यापर्यंत कुठे गेलेल्या असतील ते ठरलेलंच होतं. त्यावर अब्बा एक शब्द बोलले नव्हते. मात्र दुसऱ्या दिवशी मी खुराडं झाडायला गेले तेव्हा ते बादली पालथी घालून बसले होते, हातात ज्वारी घेऊन. एकही कोंबडी जवळ येत नव्हती.

“भेतेत मले,” ते म्हणाले.

“तुमी हात वर धरून राहिले, अब्बा. खाली ठेवा. आणि त्याइच्याकडं पाहू नका.”

त्यांनी ऐकलं. निवृत्त झाल्यापासून त्यांनी माझं ऐकलेलं मला आठवत नाही.

पंधरा-वीस दिवसांनी रुकय्याबींचा फोन आला. मी पिल्लांना पाणी देत होते म्हणून स्पीकर लावला. अब्बा खाटेवर होते. रुकय्याबी सांगत होत्या, की मियां आता सकाळी सगळ्यांच्या आधी अंगणात जाऊन बसतात. त्यांच्या तोंडून जो काही आवाज निघतो त्याला सहाही कोंबड्या धावत येतात. माणसांना कळत नाही ते कोंबड्यांना कळतं, असं म्हणून त्या हसल्या. मग हळू आवाजात म्हणाल्या, “आज त्याइनं मूठ उघडली, बेटा. पुरी नाही. दाणे अडकत होते ना मुठीत, कोंबडीले धड भेटत नव्हते, म्हणून उघडली.” मी नुसतं “हो खाला, हो खाला” करत राहिले.

अब्बा उठून बाहेर गेले. मला वाटलं, नमाजला गेले. तर अंगणातून त्यांचा फोनवरचा आवाज आला. दर्यापूरच्या कुठल्याशा स्थळाबद्दल फुफी आठवडाभर त्यांच्या मागे लागली होती.

“हो आपा, येऊ दे त्याइले. पण उघड येऊ दे. पोरगी पाहाले येतो असं सांगून येऊ दे.” जरा थांबून ते ऐकत राहिले. “नाही, नाही विकत मी कोंबड्या. आणि हे बी सांगजो त्याइले, घरी अंगण नसन तर येऊच नका म्हणा.”

पलीकडे फुफी काय म्हणाली ते मला ऐकू आलं नाही, पण बराच वेळ म्हणत होती. अब्बा मधूनमधून हूं, हूं करत राहिले. मग म्हणाले, “चाळीस कोंबड्या मावतीन असं अंगण पाहिजे, आपा. पुढं वाढतीन त्या,” आणि त्यांनी फोन ठेवला.

मी पाण्याचं भांडं हातात घेऊन उंबऱ्यावर उभी होते. मला रडू येत होतं आणि ते लपवायचं मला काही कारण दिसलं नाही.