शेव्हेलचा आवाज

क्लॅम्पच्या नटावर रक्ताचा थेंब होता — लोरेटाच्या अंगठ्याचा, ताजा — आणि ती तो नट तसाच, रक्तासकट, पान्याने आवळत होती, पुसायचं तिच्या मनातही आलं नव्हतं. वॉरन हडक गाडीशी वाकून त्या थेंबाकडे बघत राहिला, नटाबरोबर तो फिरला, पुन्हा फिरला आणि मग ग्रीसमध्ये मिसळून काळा झाला... रक्त किती लवकर रक्तासारखं दिसेनासं होतं. आईच्या स्वयंपाकघरातल्या फरशीवर मात्र तसं व्हायचं नाही. तिथे ते लालच राहायचं, आई गुडघ्यांवर बसून फडक्याने पुसायची आणि वर न बघता म्हणायची, बीट सांडलं रे. आमच्या घरी बीट फार सांडायचं.

"ऐकतोयस का?" गाडीखालून लोरेटा ओरडली. "ही सायलेन्सरची दुसरी जोडी. नुसती क्लॅम्पवर लावलीय. पटली तर सांग, नाही पटली तर उतरवते. पण एकदा का वेल्डिंग केलं, की मग कुरकुर करत इथे यायचं नाही. आधीच सांगते."

लोरेटा पिआटेक साठीची, खांदे रुंद, आवाज पत्र्याचा. नवरा गेल्यापासून सायलेन्सरचं हे दुकान ती एकटीच चालवायची आणि नदीकाठच्या त्या गावात जुन्या गाड्यांचं वेड असलेला एकही माणूस तिच्या शिव्या खाल्ल्याशिवाय सुटला नव्हता. पहिली जोडी वॉरनने नाकारली होती. फार गोड. दुसरीही नाकारणार, हे त्याला ऐकण्याआधीच माहीत होतं, कारण त्याला नुसता मोठा आवाज नको होता. मोठा कुणीही देईल. त्याला तोच हवा होता.

सत्तर सालची शेव्हेल, काळी, बॉनेटवर दोन पांढरे पट्टे — बापाची होती तशीच, पण ती नव्हे. ती केव्हाच भंगारात गेली. ही त्याने ओहायोतून ओढून आणली, वर्षभर रात्रीचा दिवस केला, इंजिन तेच, रंग तोच, सीटचं रेक्झिनसुद्धा तेच. बायको म्हणाली, हा कसला छंद, वॉरन? छंद! तिला काय सांगणार. शेजारच्या सीटवर, वर्तमानपत्राखाली, चाकाचा लोखंडी पाना होता. आज सायलेन्सर बसला की इथून सरळ सिकॅमोर स्ट्रीट, कोपऱ्यावर दुसरा गिअर, तिथे पाय दाबायचा, मग त्या घराच्या खिडकीखाली, जिथे म्हातारा बाप दिवसभर खुर्चीत बसून असतो... आधी त्याला ऐकू यायला हवं. आवाज कोपऱ्यावर वळला की आत बसलेल्या माणसाच्या पोटात काय होतं, ते आधी त्याला कळू दे. मग दार. मग पाना. डोक्यात नाही; जबड्यावर. आईचा जबडा शेवटपर्यंत सरळ मिटत नव्हता.

गेल्या वर्षी मार्चमध्ये आई गेली. दफनानंतर चर्चच्या तळघरात जेवण होतं, ताटात कोबीत गुंडाळलेलं मटण, आणि बाप चार लोकांत बसून म्हणाला, "धांदरट होती बिचारी. सारखी कुठे ना कुठे आपटायची." आणि लोक हसले हो! हळहळत, मान हलवत, प्रेमाने हसले. वॉरनच्या हातात काटा होता. त्या सुरकुतलेल्या मानेत तो किती आत जाईल, हे त्याने तिथल्या तिथे मोजून पाहिलं, आणि मग तोच काटा मटणात खुपसून तो जेवला. सगळं ताट जेवला. त्या जेवणाची किळस अजून गेली नाही.

"बस आत आणि अॅक्सिलरेटरवर पाय मार," तो लोरेटाला म्हणाला. "मी ऐकतो."

"मागे उभा राहा. तिथून नीट कळतं."

"नाही. मी तिकडे जातो." त्याने दुकानाच्या कोपऱ्यातल्या संडासाकडे बोट दाखवलं.

लोरेटा गाडीखालून बाहेर आली, हात पुसत त्याच्याकडे बघत राहिली. "आवाज ऐकायचाय की पोट बिघडलंय? चाळीस वर्षं सायलेन्सर विकतेय बाबा, पण संडासात बसून निवडणारा तूच पहिला!"

"तू पाय मार ना, लोरेटा."

तो आत गेला, कडी लावली. हसू देत तिला. मागे उभं राहून मला काय कळणार? मी तो आवाज मागे उभं राहून कधी ऐकलाच नाही — भिंतीतून ऐकला, दारातून, नळाच्या पाण्यातून. गाडी कोपऱ्यावर वळली की आई रेडिओ बंद करायची, चूल बारीक करायची, मला काखेत धरून न्हाणीघरात ठेवायची: कडी लाव, नळ सोड, गाणं म्हण. कोपऱ्यापासून अंगणापर्यंत एवढं सगळं बसायचं. एवढाच वेळ असायचा, पण असायचा. आणि एकदा पोलिसाने आवाजाबद्दल बापाला दंड केला, तर त्याने शिव्या घालत दुसरे सायलेन्सर बसवले, मऊ, घरगुती गाडीसारखे... त्या दिवशी आई फोनवर मावशीशी हसत होती. दार उघडलं तरी हसतच होती. फोनचा रिसीव्हरच त्याने वापरला. एकदा, मग पुन्हा, मग मी मोजायचं सोडलं, टेबलाखालून फक्त तिचे पाय दिसत होते आणि एका पायातली चप्पल सुटून लांब गेली होती.

दुसरी जोडी वाजली. नाही.

"नाही!" तो आतून ओरडला.

"मग काय माझं डोकं लावू मागे?" लोरेटाने उलट आवाज दिला, पण पान्यांची खडखड ऐकू आली, मग फळीवरून काहीतरी जड ओढल्याचा आवाज. "एक जुनी जोडी पडलीय. आत दोन कप्पे, आवाज अडवायला बाकी काही नाही. आता ही कुणी घेत नाही. सभ्य माणसाने घेऊही नये."

ती बसवेपर्यंत तो तिथेच थांबला, बंद झाकणावर बसून, समोरच्या दारावरच्या कॅलेंडरकडे बघत. बाहेर का आलो नाही, हे त्याने स्वतःला विचारलं नाही.

मग तो आवाज आला.

भिंत थरथरली, बेसिनमधला साबणाचा तुकडा सरकला, आणि वॉरनला समजण्याआधी त्याची पाठ दाराला टेकली होती, पाय समोरच्या भिंतीला रोवलेले, तोंड उघडं — तोंडाने श्वास घेतला की आवाज होत नाही — आणि उजवा हात नळावर. पाणी धो धो वाहत होतं. त्याला राग येणार होता. वर्षभर तो या रागाची वाट बघत होता, साठवून ठेवला होता, आणि आला कोण? पँट ओली होईल की काय या भीतीने मांड्या आवळून बसलेलं एक पोर. पन्नाशीच्या माणसाच्या अंगात. थू! त्याने नळ बंद केला. तळहाताने स्वतःच्याच गालावर एक ठेवून दिली, जोरात, मग दुसरी. कानात शिट्टी वाजली. बरं झालं. मग कडी काढली.

"हीच," तो म्हणाला.

लोरेटाने त्याच्या लाल गालाकडे पाहिलं. गाडीतून उतरली आणि दार धरून उभी राहिली. "वेल्डिंगच्या आधी आत बस आणि काचा लाव. इथेच सगळे येडे चुकतात. बाहेर उभं राहून निवडतात, आणि चालवायचं असतं आत बसून. बाहेरचा आवाज वेगळा, आतला वेगळा."

तो बसला. काचा लावल्या. पाय अलगद ठेवला.

आणि हा तो आवाज नव्हताच. सीटखालून आला, पाठीच्या कण्याला लागला, खांद्यांपर्यंत चढला — जाड, ऊबदार, कुणीतरी मागून थोपटावं तसा. त्याने थोडा आणखी दाबला. मान सैल झाली. वर्षानुवर्षं आवळलेलं काहीतरी मानेतून उतरून सीटमध्ये गेलं आणि त्याच्या मनात पहिली गोष्ट आली ती अशी, की पोलादाच्या मिलमधल्या पाळीनंतर, भट्टीसमोर आठ तास भाजून निघाल्यावर, बापाला हे किती छान वाटत असेल... आणि तो गारठला. हे! हे ऐकत तो घरी यायचा. आम्ही जे ऐकत होतो ते त्याने कधी ऐकलंच नव्हतं. तो गाणं ऐकत यायचा, लेकाचा, सबंध रस्ताभर. आज खिडकीखाली हा आवाज गेला तर म्हातारा काही खुर्चीत गोठणार नाही. तो उठेल. सपाता ओढत बाहेर येईल, बॉनेटवर हात फिरवेल, डोळ्यांत पाणी आणून म्हणेल, अरे वॉरन, माझी गाडी! कदाचित मिठीही मारेल. भिण्यासाठी भिंतीआड राहावं लागतं, आणि ते घरातल्या दोघांनाच जमलं होतं, त्यांतली एक मार्चमध्ये गेली.

म्हणजे उरलो मी.

त्याने पाय दाबला. कशासाठी, सांगता येईना — चीड, असेल — पण पाय खाली गेला, आणखी खाली, डॅशबोर्डवरचा काटा वर चढला, गाडी जागच्या जागी एका अंगाला झुकली. लोरेटा समोर येऊन काहीतरी विचारत होती. ओठ हलत होते. वेल्डिंग करू का, असंच असणार. त्याने अजून दाबला. लोरेटा पिआटेक, जिने उभ्या आयुष्यात कुणाच्या बापाला भीक घातली नव्हती, ती एक पाऊल मागे सरली आणि तिचं कोपर चेहऱ्यासमोर आलं.

आणि त्याला बरं वाटलं.

ते त्याला स्पष्ट कळलं, पोटात, जेवल्यावर कळतं तसं: बरं वाटलं. तिने आणखी एक पाऊल मागे जावं असंही वाटलं. वर्तमानपत्राखालचा पाना थरथरत होता, हात लावला तर ऊबदार लागेल. सिकॅमोर स्ट्रीटला जायचंच नाही, असं एकदा मनात आलं. मग आलं, सिकॅमोर स्ट्रीटला न जाता घरी गेलो तर — बायको या वेळी स्वयंपाकघरात असते, रेडिओ लावून — तर कोपऱ्यावर वळताना मी हा पाय कुठे ठेवीन? लोरेटा आता बॉनेटवर मूठ आपटत होती, बंद कर म्हणून ओरडत होती, आणि ते तिच्या तोंडावरून त्याला नीट समजत होतं. पाय उचल, त्याने स्वतःला सांगितलं. उचल रे. अरे, उचल ना... आणि तो त्या पायाकडे बघत राहिला, जणू तो उचलणं दुसऱ्याच कुणाच्या हातात होतं.