भर थंडीतला मुलामा

मालक, तुम्ही एका माणसाचा जीव घेतलात. हातात सुरी नव्हती, नुसता हुकूम होता. म्हणून कोणी त्याला गुन्हा म्हटलं नाही.

मित्रांनो, मी पॅरिसमधल्या एका हवेलीतली जुनी मांजर आहे. अंग काशाचं, वर सोन्याचा मुलामा. दिवाणखान्यातल्या शेकोटीच्या तोंडाशी डावीकडे मी बसते, उजवीकडे माझा जोडीदार, कुरळ्या केसांचा कुत्रा. जळत्या लाकडांचा भार आमच्या मागचे लोखंडी दांडे वाहतात. आमचं काम नुसतं चमकायचं.

ती चमक कारागीर आन्सेल्म कुर्तीची. तो सोनं पाऱ्यात कालवून माझ्या अंगाला लावायचा आणि मला निखाऱ्यांवर धरायचा. पारा उडून जायचा, सोनं राहायचं. ती वाफ विषारी. म्हणून तो खिडक्या सताड उघडायचा आणि तोंडात सोन्याचं नाणं धरायचा. पाऱ्याने नाणं पांढरं पडलं की त्याची लेक पेरिन ओरडायची, "बाबा, बाहेर व्हा! नाहीतर तुम्हालाच मुलामा चढेल आणि शेकोटीपुढे मांडतील!" तो बोळकं पसरून हसायचा. दात केव्हाच पडले होते. हात कापायचे, पण मुलामा कुठे कमीजास्त नाही.

धुराने काळवंडलो की उन्हाळ्यात आम्हाला त्याच्याकडे नेत. तेव्हा खिडक्या उघड्या ठेवता येतात. साधी अक्कल आहे ही.

पण एका वर्षी नाताळ सरला आणि मालक, तुम्हाला माझी काळी पाठ दिसली. सहा जानेवारीला, तीन राजांच्या सणाला, पाहुणे येणार होते ना! तुमचा कारभारी आम्हाला गोणपाटात गुंडाळून घेऊन गेला.

पेरिन दारातच आडवी आली. "कारभारी, नदी गोठलीय बाहेर. उन्हाळ्यात आणा."

"मग दुसरा बघतो. कुर्तीचे हात गेले, हे चार हवेल्यांत सांगूनही ठेवतो."

"इथेच ठेवा हो त्यांना, ठेवा," आन्सेल्म घाईघाईने म्हणाला. "पोरीची जीभ आईवर गेलीय."

गारठल्या बोटांत ब्रश टिकेना, म्हणून खिडक्या त्यानेच लावल्या. दुसऱ्या दिवशी नाणं सकाळीच पांढरं झालं. पेरिन बाही धरून ओढू लागली.

"कुत्र्याचं शेपूट तेवढं राहिलंय गं."

"राहू दे! बिनशेपटाची कुत्री नसतात का?"

तो उठला नाही. सणाच्या आदल्या दिवशी गेला. शेपूट पेरिनने पुरं केलं, रडत.

आणि सणाला काय झालं? शेकोटीच्या धगीने पाहुण्या बायकांच्या गालांवरचा रंग ओघळू लागला, म्हणून तुम्ही आमच्यापुढे कापडी आडोसा उभा करवलात. आम्हाला एकानेही पाहिलं नाही.

मित्रांनो, आम्हा जुन्या वस्तूंनी शेवटी म्हणायचं असतं, आम्हाला जपा. मी नाही म्हणणार. मी काळी पडले तर पडू द्या, मांजरी काळ्याही असतात. जपायचंच असेल तर घडवणाऱ्याचे हात जपा.

आता मुलामा पेरिन देते. अजून तिशी ओलांडली नाही, आणि तिचाही हात कापू लागलाय. अंगणात बर्फ आहे आणि आज सकाळी कारभारी गोणपाट झटकत होता.

मालक, मला उन्हाळ्यापर्यंत काळी राहू देणार की नाही? तुम्हालाच विचारतेय. बोला.