बेलाची काडी

"हे काय करून ठेवलीस गं?" मडिवाळप्पा ओरडलाच. तुपाच्या जुन्या डब्यातली माती ओली झाली होती, वर विभूतीचा पांढरा थर आणि मधोमध बेलाची काडी.

"तळं आटलंय. पूजेचं पाणी, बेल कुठं सोडू? पायदळी टाकू?" त्याची बायको बसम्मा म्हणाली. "मातीच तर हाय."

"आत जीव हाय त्यात!"

विभूती म्हणजे राखच. धान्याला कीड लागू नये म्हणून घरोघर राख लावतात, अन् हिने ती किड्याच्याच अंगावर ओतली!

मडिवाळप्पा निलंग्याकडचा वनरक्षक. लातूर जिल्हा नवा झाला, साहेब नवे आले, फजिती मात्र जुनीच राहिली. कधीकाळी त्याने डायरीत लिहिलं होतं, 'खैराची साल उडाली.' तेव्हापासून कचेरी त्याला 'सालवाले' म्हणे. लातूरच्या कॉलेजातले सर तेवढे हसले नाहीत. "पतंग असेल. हाताने धरला तर पंख झडतात. निर्गुडीवर अळी शोधा, तिच्यापासून वाढवून आणा, नाव सांगतो." दुष्काळात हिरवी निर्गुडी हुडकून शेपटीला काटा असलेली एकच अळी मिळाली. ती कोश करायला या डब्यातल्या मातीत शिरली. महिनाअखेर निवृत्ती. हसणाऱ्यांची तोंडं बंद करायची तर हा एवढा डबाच होता.

चार दिवस जिवाला चैन नाही. बसम्माशी अबोला. डबा उघडायचा, झाकायचा, पुन्हा उघडायचा.

पाचव्या सकाळी तिनेच हाक मारली. "अवो, बेलाला साल फुटलीय बघा!"

काडीवर चढून पतंग पंख वाळवत होता. करडा, रेघारेघांचा, हुबेहूब साल. मडिवाळप्पाला रडूच आलं.

लातूरला डबा पाहून सर म्हणाले, "काडी ठेवलीत हे बरं केलंत. चढायला आधार नसता तर पंख चुरगळलेलेच राहिले असते. कुणी ठेवली?"

"बसम्मानं," तो ओशाळून म्हणाला.

सरांनी चिठ्ठीवर पतंगाचं लांबलचक नाव लिहिलं, खाली बसम्माचं. घरी येऊन त्याने ते मोठ्याने वाचून दाखवलं.

"माझं नाव कशाला? ते पाखरू कुठाय?"

"सरांच्या पेटीत. टाचणी लावून."

बसम्मानं रिकामा डबा जवळ ओढला. त्याला फार वाईट वाटलं. नाव मिळाल्यावर त्या जिवाचं काय होईल, हे त्याला सुचलंच नव्हतं.

दुसऱ्या सकाळी तिने पूजेचं पाणी रिकाम्या डब्यातच ओतलं. कलंडलेली काडी त्याने सरळ केली अन् तो कामावर गेला.

"काय सालवाले, मिळालं का नाव?" कुणीतरी विचारलं.

हात खिशातल्या चिठ्ठीवर गेला आणि तसाच परत आला.

"न्हाई," मडिवाळप्पा म्हणाला.