रिकामी नाही

काचा धुऊन धुऊन मामांच्या बोटांवर ठसेच उरलेले नाहीत, असे प्रयोगशाळेत सगळे थट्टेने म्हणत. काच इतकी स्वच्छ करायची की ती आहे याचाच विसर पडावा, हेच काम ते एकतीस वर्षे करत आले होते. त्या सकाळी त्यांनी बेसिनच्या कडेची, चिठ्ठी नसलेली बरणी उचलली, आतला पाकासारखा दाट, नितळ द्रव पांढऱ्या टबात ओतला आणि ब्रश हाती घेतला.

"मामा, इथली बरणी?"

संशोधन करणारी पोरगी दारात उभी होती. पुसट झालेली चिठ्ठी खरवडून ती नवी आणायला गेली होती. गेली आणि आली, एवढाच अवधी.

"धुतोय की. रिकामीच तर होती."

तिचा चेहरा पांढराफटक पडला, आणि मामांच्या हातातला ब्रश थांबला. त्या बरणीत बाई होत्या.

बाई म्हणजे त्यांच्या हृदयाचा घेवड्याच्या दाण्याएवढा तुकडा. आयुष्यभर शाळेत शिकवून, जाताना त्या देहदान करून गेल्या होत्या. त्यांचे यजमान एकदाच इथे आले. मामांनीच त्यांना पाणी दिले होते. निघताना म्हणाले, "घाई करू नका हं. तिला घाई आवडायची नाही." पोरीने केली नाही. दोन महिने त्या तुकड्यातली चरबी साबणासारख्या द्रावणात हळूहळू धुऊन काढली, मग त्याला या दाट द्रवात सोडले. तुकडा कुठे संपतो आणि द्रव कुठे सुरू होतो हे प्रकाशाला कळेनासे झाले. तो न अडखळता आरपार जाऊ लागला आणि तुकडा दिसेनासा झाला. आता न कापता, सूक्ष्मदर्शकाखाली त्याचा सगळा अंतर्भाग थेट खोलपर्यंत पाहायचा होता. दुसरा तुकडा मिळणार नव्हता. हृदयाचा ठोका जिथून उमटतो त्या जागेचा हा तुकडा, आणि ती जागा माणसाला एकच असते.

"बेसिनमध्ये ओतलंत?"

"माझ्या हयातीत नाही ओतलं कधी काही. टबात आहे. टब कालच घासलाय."

ती टबापाशी गुडघ्यांवर बसली. हात आत घालणार, तोच तिने मागे घेतला. "चाचपू कशी? जेलीसारखा मऊ आहे. चिरडला तर?" तिने बाहीने डोळे पुसले. "चूक माझीच. चिठ्ठी मी काढली."

"चूक नंतर वाटून घेऊ, अर्धी अर्धी. आधी सांग, पाण्यात असताना तो दिसायचा ना? तूच दाखवला होतास. दुधी होता."

"हो."

"मग आता पाणी घातलं तर?"

ती बघतच राहिली. मग नाक पुसत हसली. "एवढं शिकून मला नाही सुचलं, मामा!"

"रडताना कुणाला सुचतंय?"

टबाच्या कडेने त्यांनी शुद्ध पाण्याची बारीक धार सोडली. पाकात पाण्याच्या थरथरत्या रेघा उमटल्या आणि विरल्या. दोघे स्टुलांवर बसून राहिले. मामांना त्या यजमानांचा रिकामा पेला आठवत होता. तो त्यांनी दोन्ही हातांनी परत केला होता.

"नखं खाऊ नकोस," ते म्हणाले. "प्रयोगशाळेत खायला बंदी आहे."

दुपार कलली तेव्हा टबाच्या एका कोपऱ्यात, खिडकीच्या काचेवर कुणी श्वास सोडावा तसे काहीतरी धुकट उमटले. होते, नव्हते, मग होतेच. अख्खे.

मामा वाकले. वर्गात उशिरा शिरणाऱ्या मुलाच्या आवाजात म्हणाले, "बाई, आलात?"

पोरीने चमच्याने तुकडा अलगद उचलला. "आता पुन्हा पंधरा दिवस दाट द्रवात."

"लागू देत. त्यांना कुठे घाई आहे?"

नवी चिठ्ठी तिने मामांपुढे सरकवली. त्यांनी गोल, सावकाश अक्षरात लिहिले: रिकामी नाही. खाली तिने तुकड्याचा क्रमांक घातला.

पंधरा दिवसांत बरणी पुन्हा रिकामी दिसू लागली. मामा शेजारच्या काचा धुवायचे. त्या बरणीजवळ आले की नळ जरा हळू सोडायचे.